पत्राने जोडलेले गिऱ्हाईक



या मालेत गेले काही दिवस ज्या विद्वानांची व्याख्याने आपण ऐकलीत, त्यांच्या पंक्तीला आमच्यासारख्या छापखानेवाल्याने बसावे हे थोडे धाडसाचेच आहे. चालकांनी विषय आमच्यावर सोपविला, तेव्हा आम्ही फार लांब गेलो नाही. आपल्या धंद्यातलाच एक विषय उचलला. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाच्या घरी टपालाने पाठविलेले पत्र, हा तो विषय. हल्लीची मंडळी त्याला ‘डायरेक्ट मेल’ म्हणतात. पालघरात छापखाना चालवीत असता अशी पत्रे, पत्रके आणि पाकिटे आम्ही पुष्कळ छापली आणि त्यांतली बरीचशी वाया गेलेलीही पाहिली. वाया गेलेल्या कागदाचेही पैसे छापखानेवाल्याला मिळतातच, हे आधीच कबूल केलेले बरे. म्हणजे आज आम्ही जे सांगणार आहोत ते काही अंशी आमच्या पोटावर पाय आणणारे आहे, हे आपल्या ध्यानात राहील.

आता कोणी म्हणेल, मोबाइलवर दिवसाला पन्नास निरोप फुकट जात-येत असताना टपालाचे हे पुराण कशाला? शंका रास्त आहे. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली; रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. घरी येणाऱ्या टपालात आता बँकेचे कागद, विम्याच्या सूचना आणि कोर्टाच्या नोटिसाच अधिक. पण नेमके याच कारणाने, हाताने पत्ता लिहिलेले एखादे पाकीट आले की घरातला प्रत्येकजण विचारतो, “कुणाचं पत्र?” मोबाइलवरच्या निरोपाबद्दल असे कोणी विचारीत नाही.

हे पाकीट उघडले जाते की नाही, याचा निकाल दारापासून तिपाईपर्यंतच्या सात-आठ पावलांत लागतो. आपण आपल्याच घरी एकदा लक्ष देऊन पाहावे. टपाल हातात आले की माणूस प्रथम पाहतो, नाव कोणाचे. मग पाहतो, पाठविणारा कोण. मग पाकीट उजेडाकडे धरतो किंवा बोटांनी चाचपतो. एवढ्यात जाहिरातीचा वास आला तर ते न उघडताच रद्दीच्या गठ्ठ्यावर जाते. आत चार रंगांत काय छापले आहे, मजकूर कोणी लिहिला आहे, याचा तेथे काही संबंध उरत नाही. हे शहाणपण आम्हांला उशिरा आले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ती हकिगत आधी सांगतो.

आपल्या जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात पिकणारा कोलम तांदूळ आपण सर्वजण जाणता. बारीक दाण्याचा, तिकडे ज्याला झिनी म्हणतात तो. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण बाजारात ‘वाडा कोलम’ असे नाव लिहिलेल्या पोत्यातला सगळाच तांदूळ वाड्याच्या शेतातला असतो असे कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. वाड्याकडचे आमचे एक स्नेही आहेत, शेतकरी. त्या वर्षी त्यांच्या मनाने घेतले की, आता मानांकन आले आहे, तर माल व्यापाऱ्याला न देता मुंबईच्या घरांना सरळ विकावा. भात भरडून घेतले, पोती घरात रचली, आणि ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांना सल्ला दिला. सल्ला असा की, गुळगुळीत कागदावर चार रंगांचे पत्रक काढावे, त्यावर हिरव्या शेताचे चित्र असावे, आणि हजार पत्ते विकत घेऊन ते धाडावे. पत्ते विकणारा एक इसम आम्हीच गाठून दिला.

हजार पाकिटे गेली. दीडशेच्या वर परत आली. कोणावर ‘पत्ता अपुरा’, कोणावर ‘गाव सोडून गेले’. मागण्या आल्या तीन. त्यांतली एक आमच्या मावसभावाची होती, म्हणजे खरे म्हणजे दोनच. तांदूळ घरात पडून राहिला. फाल्गुनात मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा आमच्या स्नेह्यांनी तो त्याच व्यापाऱ्याला, त्याने सांगितलेल्या भावाने दिला. आणि व्यापाऱ्याने भाव सांगताना मागचा सगळा हिशेब मनात धरला होता हे काही सांगायला नको. पत्रकांचे उरलेले गठ्ठे परत करायला ते छापखान्यात आले, तेव्हा चहा घेता घेता एवढेच म्हणाले, “भाऊ, कागद तुमचा झकास होता. पण आपण ही माणसं कुठली शोधली?”

रागावले असते तर बरे झाले असते. तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. मग ती परत आलेली पाकिटे घेऊन बसलो. पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरली ती ही की, विरार, बोईसर, डहाणूकडच्या पत्त्यांखाली सरसकट ‘जि. ठाणे’ छापलेले होते. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे यादी निदान सात वर्षे शिळी होती, आणि ही गोष्ट पालघरात राहून, रोज पत्ते जुळवून आमच्या लक्षात आली नव्हती! भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतो. यादीचा देठ मोडून पाहायचा असतो हे आम्हांला ठाऊक नव्हते.

यादी शिळी कशी होते हे आपल्या भागात फार चांगले दिसते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ सालापासून वीज देत आहे. तेथल्या वसाहतीत नोकरीनिमित्त लांबलांबची कुटुंबे येतात, काही वर्षे राहतात, बदली झाली की जातात. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतही तेच. बोईसरला भाड्याच्या खोलीतला माणूस वर्षा-दोन वर्षांनी पाटी बदलतो. अशा ठिकाणचे पत्ते दरसाल तपासले नाहीत तर आपण पत्रे माणसांना लिहीत नसून रिकाम्या खोल्यांना लिहीत असतो. पिनकोडाचेही तसेच. ही सहा आकड्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आपल्या मराठी मुलखातले, आणि त्यातून संस्कृतचे पंडित. पहिल्या आकड्याने विभाग कळतो, पहिल्या तिहींनी टपाल छाटण्याचा जिल्हा कळतो. पालघर ४०१४०४, बोईसर ४०१५०१. यांत एक आकडा चुकला की तांदळाचे पत्र भलत्याच गावची वारी करून येते.

पण शिळेपणा ही वरवरची गोष्ट झाली. यादीतली माणसे जिवंत, पत्त्यावर हजर, आणि तरीही चुकीची असू शकतात. ज्या घरी महिन्याचा तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच-पाच किलो येतो, त्या घराला वर्षाच्या पोत्याचे पत्र काय कामाचे? आम्ही हजार घरे घेतली. त्यांतल्या किती घरांत तांदळाची कोठी आहे, हा प्रश्न आम्ही कोणाला विचारलाच नाही.

येथे आपल्या मराठी व्यापाराच्या इतिहासातले एक प्रकरण सांगितले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलविला. लोखंडी नांगर करून विकायचा होता, आणि शेतकऱ्याची समजूत अशी की लोखंडाने जमिनीला विष चढते. दुकानात नांगर मांडून ही समजूत जाणार नव्हती. नांगर एकदा विकला की काम संपत नाही. त्याचा फाळ झिजतो, सुटे भाग लागतात, शेजारचा शेतकरी बांधावर उभा राहून पाहत असतो. म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणे सतत चालू ठेवावे लागते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले ते कारखान्याचे गृहपत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे आपले शंवाकि, त्याचे संपादक. ते स्वतः चित्रकार होते, कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत होते. हे पत्र पुढे इतके वाढले की १९२९ पासून ते ‘किर्लोस्कर’ या नावाने मासिक म्हणून मराठी घराघरांत जाऊ लागले. पाठोपाठ १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आले. नांगराच्या पाठीमागून तीन मासिके, असा प्रकार दुसरीकडे क्वचितच घडला असेल.

या प्रकरणाकडे वाङ्मयाचे अभ्यासक मासिकाच्या बाजूने पाहतात. आम्ही छापखानेवाले टपालाच्या बाजूने पाहतो. या पत्राचे मूळ, कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांशी आणि आपल्या माणसांशी ठेवलेल्या बोलण्यात आहे. ज्याने नांगर घेतला तो परका नव्हे. त्याच्याशी पुन्हा बोलायला निमित्त आहे. पत्रव्यवहाराच्या धंद्याचे सगळे बीज आमच्या मते येथे आहे. अमेरिकेत १८७२ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड याने एका कागदावर मालाची यादी छापून शेतकऱ्यांना धाडली आणि मधले दुकानदार टाळले. १८७५ पासून त्याने माल पसंत नसेल तर पैसे परत असे वचनही दिले. आपल्याकडेही साधने त्याच सुमारास आली: व्ही. पी. १८७७ साली, आणि एका पैशाचे पोस्टकार्ड १८७९ साली. साधने त्यांच्याकडे होती तशी आपल्याकडेही होती. पैसे परत करण्याचे वचन मात्र आपल्या जाहिरातदारांनी फारसे उचलले नाही, आणि त्याचे परिणाम पुढे सांगणार आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही आमच्या स्नेह्यांना म्हटले, यंदा छपाईचे पैसे आम्ही घेणार नाही, पण आपली जुनी वही घेऊन या. त्यांच्या वडिलांच्या काळापासून कोणी ना कोणी मुंबईहून येऊन तांदूळ नेत असे. कोणी दादरचे, कोणी गिरगावातून बोरिवलीला गेलेले, कोणी पाहुण्याचे पाहुणे. नावे, पोती, कुठे बाकी राहिलेले पैसे, सगळे त्या वहीत होते. प्रत्येक पत्ता फोन करून ताजा केला. फोन केल्यावर जे म्हणाले, “नको, आता आम्ही दोघंच, भात खातच नाही,” त्यांची नावे काढली. उरली दोनशे दहा. हजारांवरून दोनशे दहा, आणि त्याला लागले पंधरा दिवस. लेखणी अजून उचललीच नव्हती.

मग पत्र. पहिल्या वर्षी पत्रच नव्हते, नुसते पत्रक होते. पत्रक म्हणजे चौकात उभे राहून ओरडणे. पत्र म्हणजे ओटीवर बसून बोलणे. पहिला मसुदा आम्ही लिहिला तो असा: ‘आमच्याकडे उत्कृष्ट प्रतीचा, निवडक, अस्सल वाडा कोलम तांदूळ माफक दरात मिळेल.’ आमच्या स्नेह्यांच्या कारभारीणबाईंनी तो ऐकला आणि त्या हसल्या. “असं कोण बोलतं? मी दादरच्या काकूंना लिहिलं असतं तर आधी विचारलं असतं, मागचा तांदूळ कधीपर्यंत पुरला.” झाले! पत्राची पहिली ओळ सापडली. ‘सप्रेम नमस्कार, वि. वि. मागच्या खेपेस आपण आमच्याकडून पन्नास किलो तांदूळ नेला होता. तो आता संपत आला असेल.’ पोत्यांचा आकडा प्रत्येकाच्या पत्रात वेगळा, वहीतून पाहून हाताने भरलेला. ज्याच्या नावे आकडा आहे त्याला ते पत्र आपलेच वाटणार, दुसऱ्याचे कसे वाटेल?

पुढचा मजकूर साधा: यंदा पाऊस कसा झाला, कापणी कधी झाली, तांदूळ कोठे भरडला, भाव किती, पोहोचविण्याचा खर्च धरून किती. भाव लपविणारे पत्र आम्हांला संशयास्पद वाटते. भाव विचारण्यासाठी फोन करा असे लिहिले की निम्मी माणसे तेथेच थांबतात. फोन केला की गळ्यात पडतील अशी त्यांना भीती असते. आणि शेवटी ता. क. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पत्रांत खरी बातमी नेहमी ता. क. मध्ये असे, म्हणून पत्र उघडले की डोळा आधी तळाला जायचा. अजूनही जातो. तेव्हा सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेथे ठेवावे. आमच्या पत्रात होते: ‘ता. क. तांदूळ पसंत पडला नाही तर उरलेले पोते आम्ही आमच्या खर्चाने परत नेऊ आणि पैसे देऊ.’

हे वाक्य लिहिताना आमचे स्नेही दोन दिवस अडले होते. शेतकऱ्याला पोते परत येणे म्हणजे काय, हे छापखान्यात बसून कळत नाही. पण अखेर ते म्हणाले, लिहा.

पाकिटात आणखी काय घालावे, याविषयी पुस्तकी नियम पुष्कळ आहेत: पत्र, पत्रक, मागणीचा कागद, परतीचे पाकीट. आमच्या मते प्रत्येक कागदाला विचारावे, बाबा, तू आत नसलास तर काय अडेल? चार रंगांचे पत्रक या परीक्षेत नापास झाले. त्याऐवजी आत गेला वानवळा. नव्या पिकातले मूठभर आप्तांना पाठविण्याची आपली रीत आहे. चिमूटभर कोलम कागदाच्या पुडीत घालून पत्रासोबत धाडावा, अशी कल्पना कारभारीणबाईंचीच. आम्ही उत्साहाने पुड्या केल्या आणि पाकिटाच्या उजव्या बाजूला वर ठेवल्या, म्हणजे नेमक्या तिकिटाखाली! तिकिटावर शिक्का बसला की खालच्या दाण्यांचे काय होणार? नमुन्यादाखल आमच्याच पत्त्यावर टाकलेली दहा पाकिटे परत आली तेव्हा आत कोलम नव्हता, कणी होती. दोन तर कोपऱ्याला फाटून रिकामी आली. मग पुडी चपटी केली, जाड कार्डाला चिकटवली, आणि डाव्या अंगाला खाली सरकवली. तेव्हा पहिला नियम हा लिहून ठेवावा: काही छापण्यापूर्वी एक पाकीट पुरे तयार करावे, टपालकचेरीत नेऊन वजन करून घ्यावे, आणि स्वतःच्याच घरी पोस्टाने पाठवून पाहावे. टपालहशील वजनाच्या पायरीने चढते. कागद थोडा जाड घेतला की सगळा गठ्ठा वरच्या पायरीवर जातो. पोस्टकार्ड वापरणाऱ्यांनीही हे विचारून घ्यावे. हाताने लिहिलेल्या कार्डाचा दर वेगळा आणि छापील मजकुराच्या कार्डाचा दर त्याहून कितीतरी जास्त.

उत्तर देणे सोपे करावे, हे सांगण्याची गरज नसावी. पण छापखान्यात येणारे मसुदे पाहता आहे असे दिसते. मागणीच्या कार्डावर गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता आपणच लिहून ठेवावा. त्याने फक्त पोत्यांच्या आकड्यावर खूण करावी. टपालखात्याकडून परवाना घेतला तर परतीच्या कार्डावर त्याला तिकीट लावावे लागत नाही, आणि जेवढी कार्डे परत येतील तेवढ्यांचेच हशील आपण भरतो. ज्यांना फोन करायचा त्यांच्यासाठी नंबर ठळक असावा, ज्यांना मोबाइलने पैसे धाडायचे त्यांच्यासाठी तो चौकोनी ठिपक्यांचा छापा असावा. दोनशे दहा पत्रांना सत्तेचाळीस मागण्या आल्या. त्यांत वयस्क मंडळींची कार्डे आली आणि तरुणांचे फोन. आणि एका आजींनी कार्डाच्या कोऱ्या जागेत तीन ओळी लिहिल्या की, तुमच्या आजे-सासूबाईंना आम्ही ओळखत होतो.

पंधरा दिवसांनी राहिलेल्यांना एक साधे पोस्टकार्ड हाताने लिहून गेले. आणखी अकरा मागण्या आल्या. न आलेले उत्तर म्हणजे नकारच, असे पुष्कळांना वाटते. बऱ्याच वेळा ते पत्र नुसते फ्रिजवर ठेवलेले असते.

आता थोडा हिशेब, कारण उत्साहात माणसे तो विसरतात. समजा, एका पाकिटाला कागद, छपाई, हशील मिळून पंधरा रुपये पडले. तीनशे पाकिटांचे साडेचार हजार झाले. पंचवीस किलोच्या एका पोत्यामागे सारा खर्च वजा जाता अडीचशे रुपये सुटतात असे धरा. म्हणजे नुसता टपालाचा खर्च भरून यायला अठरा पोती गेली पाहिजेत. शंभर पत्रांना सहा. अनोळखी यादीवर शंभराला एक-दोन उत्तरे आली तरी या धंद्यातले लोक समाधान मानतात. तेव्हा विकत घेतलेल्या यादीवर तांदूळ विकणे हे पहिल्या दिवसापासूनच तोट्याचे होते. पत्रक कितीही देखणे असते तरी त्यात फरक पडला नसता. महाग यंत्र विकणाऱ्याचे गणित निराळे. त्याला हजारांत एक गिऱ्हाईक मिळाले तरी चालते. आपला माल कोणत्या जातीचा, हे आधी ओळखावे.

यंत्राचे नाव निघाले म्हणून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीविषयी दोन शब्द. बोईसरचे छोटे वर्कशॉपवाले आमच्याकडे पत्रे छापायला येतात. पंप दुरुस्त करणारे, व्हॉल्व्ह बसविणारे, टाक्यांना अस्तर लावणारे. पाकिटावर लिहितात, ‘मॅनेजर, अमुक कंपनी’. हे पाकीट गेटवरच्या केबिनमधून ज्या खणात जाते, तेथून ते पुढच्या दिवाळीच्या साफसफाईलाच निघते. रसायनाच्या कारखान्यात गळणाऱ्या पंपाने ज्याची झोप जाते तो देखभालीचा इंजिनिअर. खरेदीखात्याचा माणूस नंतर. त्याचे नाव शोधावे, त्याचा प्लॉट नंबर बिनचूक लिहावा, आणि कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद राहणार असेल त्याच्या दीड-दोन महिने आधी पत्र त्याच्या हाती पडेल असे करावे. पत्रात यंत्रशाळेचा फोटो नको, ‘बंदच्या काळात आठ दिवसांत एवढे पंप उघडून, बसवून देऊ, उशीर झाला तर दिवसाला अमुक रक्कम कापून घ्या’ एवढे हवे. चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांचे डाय करणारे कारागीर आहेत. त्यांचे गिऱ्हाईक गावोगावचे सोनार. त्यांना आम्ही म्हणतो, शंभर नक्षींचा तक्ता पाठवू नका. एकाच नक्षीचा स्पष्ट ठसा पाठवा, हातात घेऊन पाहता येईल असा.

आता राहिलेली गोष्ट. टपालाच्या व्यापाराला आपल्याकडे एक काळा इतिहास आहे. शब्द जुळवा आणि रेडिओ मिळवा म्हणून व्ही. पी. सोडवून घ्यायला लावायचे आणि खोक्यात वीट निघायची. मधुमेहापासून वंध्यत्वापर्यंत सारे एका पुडीने बरे करणारी औषधे यायची. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी हे घरात नाही तर शेजारी पाहिले असेल. शेवटी सरकारला बक्षीसस्पर्धांवर आणि १९५४ साली जादूई उपचारांच्या जाहिरातींवर कायदे करावे लागले. जो माणूस त्या खोक्याने फसला त्याचा राग नुसत्या त्या ठगावर राहिला नाही. पुढे टपालाने आलेल्या प्रत्येक वस्तूवर तो गेला. गावाकडे पोस्टमनने ओसरीवर बसून पत्र वाचून दाखवायचे आणि सगळ्यांनी ऐकायचे असा काळ होता. त्या विश्वासावर या मंडळींनी धंदा केला. आज मोबाइलवर जे चालले आहे त्याची ही जुनी आवृत्ती.

म्हणून यादी ही दुसऱ्याची ठेव समजावी. आता व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ सालचा कायदाही आहे; संगणकात उतरविलेली नावे-पत्ते कशासाठी घेतली हे सांगणे आणि संमती घेणे त्यात आले. पण कायदा नसता तरी आमच्या स्नेह्यांच्या वहीतली नावे आम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली नसती. एकाने मागितली होती, भावही चांगला सांगितला होता. आणि ज्याने ‘पत्र पाठवू नका’ म्हटले त्याचे नाव त्याच दिवशी कमी करावे. तो पुढे आपणहून परत येण्याची शक्यता त्यामुळेच राहते.

तिसऱ्या वर्षी यादी वाढून चारशेवर गेली. गिऱ्हाइकांनीच आपल्या बहिणी-भावांचे पत्ते विचारून दिले होते. आम्ही एक प्रयोग केला. दोनशे पत्रांत एक वाक्य जास्त घातले: ‘हा तांदूळ यंदाचा, नवा आहे, लगेच शिजवलात तर भात चिकट होईल. निदान चार महिने ठेवून मग काढा.’ उरलेल्या दोनशेंत ते वाक्य नव्हते. बाकी सारे अक्षरशः एक. ओळख पटावी म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात बारीक ‘क’ आणि ‘ख’ छापला. असा प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले हे कळत नाही. आमच्या स्नेह्यांना वाटत होते, ‘भात चिकट होईल’ हे वाचून लोक पळतील. आम्हांलाही मनातून तसेच वाटत होते. त्या वाक्याच्या पत्रांना बारा मागण्या जास्त आल्या. चारशे पत्रांवरून त्रिकालाबाधित सिद्धान्त काढता येत नाही, पुढच्या वर्षी उलटेही होईल. पण ती बारा कार्डे आम्ही जपून ठेवली आहेत. पोते एकच परत आले, आणि तेही ज्यांच्या घरी एकाएकी दुःखद प्रसंग घडला त्यांच्याकडून. पैसे त्याच आठवड्यात गेले.

ती सारी पाकिटे, पहिल्या वर्षीच्या चौरंगी पत्रकासकट, मागच्या टेबलावर मांडली आहेत. कणी झालेला वानवळाही आहे. आपल्यापैकी कोणाला आपल्या मालाचे पत्र लिहायचे असेल तर मसुदा घेऊन छापखान्यात यावे. येताना जुनी वही मात्र बरोबर आणावी.